सुधारित अंदाजपत्रक : पेटी एक, झाकणासह

२ जून
नवी वही. यात फक्त खरं लिहायचं. पहिलं खरं : मला पुरवणीचा अजिबात हेवा वाटत नाही.

पुरवणी म्हणजे आमच्या शस्त्र संशोधन केंद्रातला क्षेपणास्त्रवाला. दरवर्षी पुरवणी निधी मंजूर करून आणतो, म्हणून हे नाव. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. त्याचं क्षेपणास्त्र अकरा वर्षं बनतंय. खर्च ठरल्याच्या पाचपट झाला आणि ते अजून जमिनीवरून वीतभरही उठलेलं नाही. ते ठेवायची पेटी मी बनवली. दीड वर्षात. उरलेला निधी परतसुद्धा केला. पेटी गेली नऊ वर्षं तयार आहे. आत ठेवायला काही नाही.

विभागप्रमुख ऑगस्टअखेर निवृत्त होतायत. खुर्ची एक तर माझी, नाही तर त्याची. माझी तीन वर्षं उरली, म्हणजे ही शेवटची संधी. काळजीचं कारण नाही.

५ जून, सकाळी १०.२०
पुरवणीच्या खोलीत दुसरा एसी बसला. एक त्याच्यासाठी, एक बहुधा फायलींसाठी. माझ्या खोलीत पंखा आहे. तीनवर ठेवला की कागद उडतात, दोनवर ठेवला की फिरत नाही.

दुपारी ३
स्टेपलर परत करायच्या निमित्ताने त्याच्याकडे जाऊन आलो. खुर्च्या मोजल्या. आठ. माझ्याकडे दोन, त्यातली एक पाठ नसलेली. (स्टेपलर माझाच होता. तो तिथेच राहिला.)

९ जून
संचालकांची मीटिंग. क्षेपणास्त्रावर एक तास चाळीस मिनिटं. शेवटी माझ्याकडे वळून विचारलं, पेटी झाली आहे ना? हो म्हणालो. मग उठले सगळे. चार सेकंद!

डोळे उघडले. जे काम पूर्ण होतं त्याला कुत्रं विचारत नाही. जेवढा खर्च, तेवढा मान. माझ्या प्रामाणिकपणानेच माझा घात केला.

निश्चय : पेटी महाग करायची.

१० जून
बायकोला योजना सांगितली. ती शाळेत शिकवते. म्हणाली, दर महिन्याला माझ्या पगारातून कर कापतात तो तुमच्या झाकणांसाठी का? वर्गात पंखा नाही म्हणून पोरं वहीने वारा घेतात, असंही म्हणाली. तिला संरक्षणातलं काही कळत नाही, असं मी तिला ठणकावून सांगितलं. मनातल्या मनात.

१६ जून
सुधारित अंदाजपत्रक तयार. पुरवणीच्या अंदाजपत्रकाची प्रत मिळवली होती. फक्त अभ्यासासाठी. त्यात ‘अनपेक्षित तांत्रिक आव्हाने’ हे शब्द सव्वीस वेळा. मी एकतीस वेळा घातले. हम भी कुछ कम नहीं.

१७ जून
घोळ. त्याचं अंदाजपत्रक उतरवून घेताना त्यातली इंधनटाकी माझ्याकडे तशीच राहिली. पेटीला इंधनटाकी! फाईल वर गेलीय. आता परत मागितली तर हसं होईल. गप्प बसणे.

२९ जून
मंजूर! मूळ खर्चाच्या चौपट. टाकीसकट. टाकीला तर मागितल्यापेक्षा थोडे जास्तच दिलेत. कँटीनवाल्याने आज चहा टेबलावर आणून दिला. पुरवणी अभिनंदन करायला आला. चेहरा पडलेला होता. जळतोय.

८ जुलै
नवं झाकण : आपोआप बंद होणारं, बोटाचा ठसा ओळखणारं. त्यासाठी जुनं कापायला हवं. पेटी ज्याने घडवली तो फिटर म्हणाला, साहेब, नऊ वर्षांत धुळीचा कण आत गेला नाही, कापता कशाला? वरून आदेश आहे म्हणालो. वर म्हणजे मीच, पण त्या तपशिलात शिरलो नाही. त्याने कापलं. नंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कारागीर लोक भावनाप्रधान असतात.

२२ जुलै
वर्तमानपत्रात पहिल्या पानावर पुरवणीचा फोटो. ‘करदात्यांचा पैसा कुठे मुरतो?’ अकरा वर्षांचा सगळा हिशोब मांडून त्याची सालटी काढली आहेत. वाचून फार वाईट वाटलं. पाच कॉलम! माझा उल्लेख एका ओळीतही नाही. पेटीचा खर्च काय कमी वाढला? तीनदा वाचलं. जेवण गेलं नाही.

४ ऑगस्ट
बातमीमुळे तपासणी समिती येणार. कुठला तरी वायफळ खर्च थांबवून दाखवायचाच आहे म्हणे. पुरवणी मुद्दाम माझ्या खोलीत आला, पाठ नसलेल्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, ते ठसा-बिसा काढून टाक, टाकी तर आजच काढ. म्हणजे घाबरला! खुर्ची हातची जाणार हे त्याला कळलंय. काही काढणार नाही.

११ ऑगस्ट
समिती आली. तपासनीस बाईंनी विचारलं, पेटीत काय आहे? सध्या काही नाही, म्हणालो. मग ठसा कोणापासून वाचवायला? भविष्यातल्या चोरांपासून. आणि टाकी? अनपेक्षित तांत्रिक आव्हाने. बाई सारखं लिहीत होत्या. दोनदा पेन बदललं. पन्नास मिनिटं फक्त पेटीवर! पुरवणीला त्यांनी अर्ध्या तासात मोकळं केलं.

घरी जाताना बायकोसाठी मोगऱ्याचं अत्तर घेतलं.

२८ ऑगस्ट
आदेश आला. क्षेपणास्त्रावर इतका खर्च झालाय, की आता थांबवणं परवडणार नाही. सबब चालू ठेवावं. पेटी हा करदात्यांच्या पैशाचा निव्वळ अपव्यय, सबब बंद. उरलेला निधी क्षेपणास्त्राकडे. टाकीचाही.

विभागप्रमुख : पुरवणी.

माझी बदली त्याच्या हाताखाली. स्वतंत्र खोली नाही.  बायको वह्या तपासत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१ सप्टेंबर
सामान गोळा करायला वर्कशॉपमध्ये गेलो. पुरवणी तिथे आधीच आलेला. म्हणाला, वरचे तुला घरीच बसवणार होते, मी तुला मागून घेतलं.  नंतर म्हणाला, मुलगी चौथीत असल्यापासून विचारते, बाबा झालं का? आता तिचं लग्न झालं, फोनवर विचारते. म्हणाला, मला नेहमी तुझा हेवा वाटत आलाय. या अख्ख्या इमारतीत एकच गोष्ट पूर्ण झाली, ती तुझी. फार वैताग आला की मी जेवणाच्या सुट्टीत इथे यायचो, तुझ्या पेटीचं झाकण उघडायचो आणि लावायचो. काय नेमकं बसायचं रे!



म्हणाला, एकदा लावून दाखव.

नवं झाकण लावलं. बसेना. दाबलं, तरी बसेना. तो झाकणावर बसला. मग सरकून त्याने मला जागा दिली. मीही बसलो. दोघांचं वजन पडलं, तरी चार बोटांची फट राहिलीच.