मुंगशाचा चौथा भाग

प्रिय मामा,

मुंगशाचा चौथा भाग आला! आठ वर्षं वाट बघायला लावली आणि आला तो तू गेल्यावर सात महिन्यांनी. लॅबमधल्या पोरींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मुंगूस? व्हिडिओ गेम? अगं, वय काय तुझं!" आता ही बातमी तुझ्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून हे पत्र.

आधी तक्रार ऐक. मला हा भाग पहिल्या मिनिटापासून संशयास्पद वाटला. हातात काठी घेतलेला मुंगशा तोच, पडका किल्लाही तोच, साप तर मागच्यापेक्षा देखणे. पण खाली पडलं तर जीव जात नाही! जिथून पडलो तिथंच अलगद परत उभं करतात. शिवाय एक काजवा सोडलाय. तो पुढं पुढं उडतो आणि कुठल्या फरशीवर उडी मारायची ते दाखवतो. आपल्याला कुणी दाखवलं होतं का रे? तू टीव्हीसमोर मांडी घालून नक्की म्हणाला असतास, "का म्हणून एवढं गोड बोलायलाय हा?"

सुटीत मी पाटोद्याहून चौसाळ्याला यायचे ते खरं तर मुंगशासाठीच. पुढं तुझं ट्रॅक्टरचं गॅरेज, मागं घर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तू डिझेलनं हात धुऊन रिमोट घ्यायचास. लाल मुंगशा तुझा, पिवळा माझा. आणि तुझा तो एकच नियम, "ठोकल्याबिगर पाय ठेवायचा न्हाई, मने." काठी आपटली की पक्की फरशी टण वाजायची, पोकळ फरशी डब्ब. मी घाई करून खड्ड्यात गेले की तू हसायचास, पण स्वतः पुढं जायचा नाहीस. मी परत येईपर्यंत तिथंच काठी आपटत थांबायचास.

हे तुझं ठोकणं गेमपुरतं तरी होतं का? कपिलधारला धबधब्याखालच्या ओल्या दगडांवर छत्रीचं टोक आपटत चालायचास, मागं माणसांची रांग लागायची. चौकातले टरबूजवाले चाचा तर वैतागून ओरडले होते, "लेना हाय तो लेव, तबला मत बजाव!" तू अकरावं टरबूज ठोकत होतास तेव्हा!

सांगायचं म्हणजे, तुझी शिकवण खरी ठरली. तिसऱ्या टप्प्यात काजवा एका फरशीवर जाऊन बसला. मी सवयीनं काठी आपटली. डब्ब! वाट दाखवणाऱ्यानंच फसवलं, मामा! मी एकटीच खोलीत ओरडले, "बघ, म्हणलं होतं का न्हाई!" आणि मग बाजूला कुणी नाही हे लक्षात आलं. मग मला रडू आलं. फार रडू आलं.

कारण एक फरशी मी ठोकायची विसरले होते. लॅबचा कोर्स करताना रक्त काढायचा सराव म्हणून मी सगळ्या नातेवाइकांचे हात मागितले. सगळ्यांनी दिले. तू तेवढा म्हणालास, "सुई बघितली की चक्कर येती मला." वेल्डिंगच्या ठिणग्या उघड्या हातावर झेलणारा माणूस! आणि मी हसून सोडून दिलं? पोट धरून बसायचास तेव्हा "ॲसिडिटी हाय, सोडा प्यालो की बसंल," म्हणायचास, तेही खरं मानलं? तेराव्यानंतर पान्यांच्या पेटीतून तुझी फाइल निघाली. दोन्ही किडन्या निकामी. वर्षभराचे रिपोर्ट. असं का केलंस रे?

मामीला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "व्हय. शपथ घातली होती ह्यांनी. परीक्षा होती तुझी, पोरीला कशाला ताप म्हणाले." त्या दिवसापासून मी मामीशी धड बोलले नव्हते. दिवाळीला फराळाचा डबा दिला आणि उलट्या पावली बीडला परतले.

म्हणून गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा माझे कान टवकारले. "मुंगशाचा नवीन भाग निघालाय म्हणं. हितं मोठ्या टीव्हीवर खेळ की." हिला कसं कळलं? आता मला लोणी लावतेय की काय? तर ती म्हणाली, "ह्यांचा फोन वाजला, मुंगशाच्या काठीवानी. शेजारच्या वहिनीनं वाचून सांगितलं." नवा भाग आला की कळावं म्हणून तू आधीच सोय करून ठेवली होतीस आणि मामी तो फोन रोज चार्ज करते! मी विरघळले. मामी दहावी पास आहे, तिला मेसेज वाचायला वहिनी कशाला लागली, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी चौसाळ्याला गेले. गेमनं विचारलं, एकटे की दोघे? मी एकटेवर बोट ठेवणार, तेवढ्यात मामीनं दुसरा रिमोट उचलला. लाल मुंगशा! आणि पहिल्याच फरशीपाशी थांबून तिनं काठी आपटली. एकदा, दोनदा.

"मामी, हे कुणी शिकवलं?"

"कुणी म्हंजी? तू हॉस्टेलला गेल्यावर दुसरा रिमोट कोण धरायचं?"

मामा, हेही लपवलंस माझ्यापासून! पण काय खेळते रे! एकही फरशी चुकवत नव्हती. मी कौतुकानं म्हणाले, "बरं करतेस, त्या काजव्याचं ऐकत न्हाईस."

"कुठला काजवा?"

मला वाटलं चेष्टा करतेय. काजवा तर पडद्याच्या मधोमध लखलखत होता. मी गेम थांबवला, टीव्हीजवळ जाऊन बोटं वर केली. "किती?"

"काल होती तेवढीच," ती हसून म्हणाली.

"मामी, किती?"

ती रिमोट पुसत म्हणाली, "मोतीबिंदू हाय म्हणं. पिकू दे, मग बघू. तुझी ड्युटी असती. पोरीला कशाला ताप?"

तुझेच शब्द, मामा, जसेच्या तसे! ती सगळं आवाजावर खेळत होती. मी तिच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि पहिल्यांदाच तिच्यावर मोठ्यानं ओरडले. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. सात महिने मी तिच्यावर रागावून होते. शपथ घातली कुणी? तू. मग राग तुझ्यावर धरायला नको?

मंगळवारची रजा टाकलीय. मामीला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतेय. ती म्हणते, लई घाई करतीस. करू दे. तिच्या रक्ताची तपासणीही मीच करणार आणि सुईला ती घाबरते म्हणाली तर अजिबात ऐकणार नाही.

मामा, तुला वचन देते. आपल्या घरात कुणी "काही न्हाई" म्हटलं की यापुढं मी ठोकून बघितल्याशिवाय राहणार नाही. गेम तिथंच थांबवून ठेवलाय. तुझा लाल मुंगशा आणि माझा पिवळा एकाच फरशीवर उभे आहेत. मामीला काजवा दिसू दे, मग आम्ही दोघी मिळून त्याच्यावर संशय घेऊ.

अजून तुझ्यावर रागावलेली,
तुझी मनी