परत फेकलेला चेंडू

साउथ बेंड,
११ जून १९७८

चि. काझिक यास,

आशीर्वाद देते, पण या खेपेला हात आखडता घेऊन. वि. वि. आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे काल दुपारपर्यंत होतो.

काल चर्चच्या तळघरात फादरांनी मुद्दाम टीव्ही लावला होता. टॅडला सेंट लुईसच्या बेसबॉल संघात घेऊन महिनासुद्धा झाला नाही आणि तुमच्या शिकागोतला सामना आमच्याकडे दिसतो, म्हणून निम्मा गाव जमला. मी सकाळपासून पिरोगीत सारण भरत होते. पाचव्या डावात माझ्या लेकानं चेंडू असा हाणला की तो थेट वेलींच्या भिंतीपलीकडे, प्रेक्षकांच्या बाकड्यांत. मोठ्या संघातला त्याचा पहिला होम रन. त्याचा बाप वॉल्टर हयात असता तर खुर्चीवर चढून नाचला असता.

मग झेलणारा माणूस टीव्हीवर दिसला. पेंढ्याची टोपी, सुटलेलं पोट. माझा सख्खा धाकटा भाऊ! मी उभी राहून सगळ्यांना ओरडून सांगितलं की हा आमचा काझिक, टॅडचा मामा. मिसेस पिएत्झाक तर देवाची करणी म्हणून रडायलाच लागली. आणि तू काय केलंस? खाली वाकलास, क्षणभर दिसेनासा झालास, उठलास आणि चेंडू मैदानात भिरकावून दिलास. भोवतालच्या रिकामटेकड्यांनी टाळ्या पिटल्या. तळघरात मात्र कोणी माझ्याकडे बघेना.

पाहुण्या संघानं मारलेला चेंडू ठेवून घ्यायचा नाही, परत फेकायचा, ही तुमच्या बाकड्यांवरची रीत मला ठाऊक आहे. तुझ्या तोंडून ती ऐकून माझे कान किटलेत. पण रीत परक्यासाठी असते रे. तो आपला टॅड होता. त्या चेंडूसाठी मी फडताळात वॉल्टरच्या फोटोशेजारची जागा पुसून ठेवली होती. ती आता तशीच रिकामी राहील आणि येताजाता मला तुझी आठवण करून देईल.

तेवीस तारखेला माझ्या नावाच्या संतिणीचा सण, म्हणजे माझा नावाचा दिवस आहे. दरवर्षी येतोस, यंदा येऊ नकोस.

लोभ ठेवायचा की काढून घ्यायचा, ते तुझं उत्तर बघून ठरवीन.

तुझी ताई,
वांदा

शिकागो,
१४ जून १९७८

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं ते चिमट्यात धरून आणायला हवं होतं, इतकं तापलेलं होतं.

आता माझंही ऐक. त्या बाकड्यांवर मी ट्रॅमच्या कारखान्यात होतो तेव्हापासून बसतोय. शेजारी लिओ, मागे त्याचे दोन मेव्हणे. पाहुण्यांचा चेंडू खिशात घालणाऱ्या माणसाचं तिथं काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. गेल्या वर्षी एका डॉक्टरानं ठेवून घेतला, तर त्याच्या टोपीत बिअर ओतून त्याला जिन्यापर्यंत पोचवला. परत तो दिसला नाही. माझी बायको गेल्यापासून दुपारी बसायला मला ती एकच जागा आहे. चार माणसं नावानं हाक मारतात ती तिथंच. तरी तू मला रिकामटेकडा म्हणतेस, याचा राग येऊ नये तर काय व्हावं?

आणि दुसरं. टॅडला फेकायला कोणी शिकवलं? तो लहान असताना उन्हाळाभर तुझ्या अंगणात त्याच्याबरोबर मी होतो. एकच चेंडू, तोही शिवण उसवलेला. बुरेक कुत्रा तो तोंडात धरून ओसरीखाली जाऊन बसायचा आणि पोटावर सरपटत जाऊन त्याच्या जबड्यातून मी काढून आणायचो. तू खिडकीतून फुलझाडांच्या नावानं बोंब मारायचीस. त्या पोराचा पहिला चेंडू मी टाकून देईन असं तुझ्या मनात आलंच कसं? याहून जास्त मी कागदावर लिहिणार नाही.

तेवीस तारखेला मी येणार. दार उघडायचं की नाही ते तू बघ. रिकाम्या हातानं येणार नाही, एवढं सांगतो.

रागावलेला, पण तुझाच,
काझिक

पिट्सबर्ग,
१७ जून १९७८

प्रिय काझिकमामा,

नमस्कार. मिठी राखून ठेवली आहे, कारण मी तुझ्यावर भयंकर चिडलो आहे.

तू फेकलेला चेंडू तुमच्या खेळाडूनं उचलून आमच्या बाकाकडे टाकला. पहिल्या होम रनचा चेंडू म्हणून आमच्या प्रशिक्षकांनी तो समारंभानं माझ्या हातात ठेवला. पोरं बघतात तर तांबूस, झिजलेला, शिवण सुटलेली. सगळी हसत सुटली, म्हाताऱ्यानं बनवलं म्हणाली. मला हसू आलं नाही. अंगठा आपोआप बुरेकच्या दातांच्या खळग्यात जाऊन बसला होता. डोळ्यांत धूळ गेली असं सांगून मी तोंड फिरवलं.

माझा होम रनचा चेंडू तू लपवलास, छान केलंस. पण त्याच्या बदल्यात हा फेकलास? तो वेलींत अडकला असता तर? कोणी कचऱ्यात टाकला असता तर? एवढी वर्षं तू तो खिशात घालून सामन्याला जातोस हे मला कधी सांगितलं नाहीस, आणि एका झटक्यात परक्यांच्या अंगणात भिरकावलास. दुसरा चेंडू मी उद्याही मारीन. हा कुठून आणणार होतास?

आईला फोन केला होता, पण तिनं तुला इतकी नावं ठेवली की मला बोलायला संधीच मिळाली नाही. हाच माझा पहिल्या होम रनचा चेंडू आहे असं चार ओळींत लिहून मी तो तिला पोस्टानं पाठवला आहे. खरं कोणालाही सांगितलं नाही. लिओच्या कानावर गेलं तर तुझी जागा जाईल. तुझ्याकडच्या नव्याचं काय करायचं ते तू ठरव.

राग उतरला की मिठी पाठवीन.

तुझा,
टॅड

साउथ बेंड,
२० जून १९७८

चि. काझिक यास,

आशीर्वाद, या खेपेला दोन्ही हातांनी. वि. वि. पण तुम्ही मामा-भाचे मला काय समजता ते एकदा कळू दे.

काल पार्सल आलं. बुरेकनं माझ्या लग्नातल्या चपलांचा फडशा पाडला होता. त्याचे दात मी ओळखणार नाही? चेंडू मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले आणि रडले. मग उठून टॅडच्या हॉटेलात फोन लावला. त्यानं आधी टाळाटाळ केली, मग सगळं कबूल केलं. मग मला तुझा आणखीच संताप आला. आठवडाभर गावभर सांगत फिरले की माझा भाऊ दगड आहे, आणि आता ते शब्द परतही घेता येत नाहीत. लिओची चुलत बहीण आमच्याच चर्चमध्ये येते, तुला माहीत आहे का? तिला खरं कळलं तर ती ते लिओपर्यंत पोचवल्याशिवाय राहायची नाही.

तेव्हा नीट ऐक. शुक्रवारी, तेवीस तारखेला ये. लोकांसमोर मी तुझ्याशी बोलणार नाही, उलट चार शब्द जास्तच सुनावीन. ते मुकाट्यानं ऐकून घे आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात ये. तुझं ताट झाकून ठेवते.

बुरेकचा चेंडू वॉल्टरच्या फोटोशेजारी ठेवला आहे. तो आता कोणी हलवायचा नाही. तुझ्याकडचा नवा शोभेला ठेवू नकोस. ऑक्टोबरात हंगाम संपला की टॅड घरी येईल. तेव्हा तो घेऊन ये आणि दोघं अंगणात उतरा. फुलझाडांचं काय व्हायचं ते होऊ दे.

तुझी ताई,
वांदा