रिकाम्या सीटच्या शेजारून

दादा, ती लाल गाडी परवा दिसली. मालकांच्या नातवाने परभणीबाहेर मंगल कार्यालय काढलंय, त्याच्या दारात चौथऱ्यावर मांडून ठेवली आहे. भोवती दोरी, आणि दोरीला पाटी : गाडीत बसू नये. हातात अक्षता घेऊन मी ती पाटी वाचली आणि एवढ्या मोठ्याने हसले की वरमाईने वळून बघितलं. तीस वर्षांत प्रगती झाली म्हणायची. तेव्हा पाटी नव्हती आणि फक्त आपल्याला बसता येत नव्हतं. आता लेखी आहे आणि सगळ्यांना लागू आहे. समता अशीच येणार होती तर आपण एवढे मोर्चे कशाला काढले?

घरी आल्यापासून डोकं तापलेलं आहे. मालकांवर नाही, ते कधीच गेले. तुमच्यावर. तुम्हीही गेलात, पण बापाचा हिशेब वेगळा.

विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं, ते दिवस. ताडकळसजवळच्या मालकांच्या गावात मला शाळेवर ऑर्डर मिळून चौथा महिना चालला होता. मी शाळेतल्या माठाला हात लावला की हेडमास्तरांना त्या दिवशी तहानच लागत नसे. चार महिन्यांत मी एवढंच कमावलं होतं की पोरं मला 'बाई' म्हणत होती आणि त्यांचे बाप निदान नाव घेऊन हाक मारत नव्हते. आणि त्याच गावात, बाजाराच्या दिवशी, तुम्ही पान्यांची पिशवी घेऊन एसटीतून उतरलात.

मालकांच्या वडिलांनी ती दोन सीटांची विलायती गाडी हैदराबादेतल्या कुण्या नवाबाकडून घेतलेली. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड इतके झिजले होते की लोखंड लोखंडाला घासत होतं, आणि नवे कुठेच मिळत नव्हते. अख्ख्या परभणीत हे काम करू शकणारा ब्रेकचा मेस्त्री एकच. तुम्ही ट्रकच्या ब्रेकचं लायनर करवतीने कापलंत, कानशीने आठ दिवस घासलंत, जुन्या पत्र्यांवर तांब्याचे रिव्हेट मारून बसवलंत आणि ते चार पॅड भाकरीच्या फडक्यात बांधून आणलेत. माझ्या खोलीतल्या चुलीपुढे बसून तुम्ही ते मला दाखवता आहात, पोटच्या पोरासारखे. मी बघत नाही. मी माझंच लावून धरते आहे.

"दादा, गाडी चालवून बघायची वेळ आली की सीटवर बसायचं. न्हाई बसू दिलं तर पाने उचलायचे आणि निघायचं."

"बघू."

"बघू न्हाई. मला रोज या गावात तोंड दाखवायचंय."

"च्या वत," तुम्ही म्हणालात.

शाळा सुटल्यावर मी मालकांच्या फाटकापाशी आले तेव्हा चाकं चढवून झाली होती. नवे पॅड घातले की पहिल्यांदा पायडल पार तळाला जातं, चार-सहा वेळा दाबलं की कडक होतं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. जगातला कुठलाही मेस्त्री सीटवर बसून पाय मारतो. तुम्ही दाराबाहेर गुडघे टेकले होते आणि हात आत घालून तळव्याने पायडल दाबत होतात. देवळाच्या बाहेरून दर्शन घेतल्यासारखं. मालक शेजारी सुपारी कातरत उभे. कातड्याची सीट खराब होते, असं त्यांचं कारण. त्याआधी आलेल्या इंजिनवाल्याच्या ढुंगणाने ती खराब झाली नव्हती.

मग मालक आत बसले. दुसऱ्या सीटवर त्यांनी आपला टॉवेल ठेवला होता, घडी करून, पाहुण्यासारखा.

"चल मेस्त्री. आवाज ऐक नीट."

आणि तुम्ही पळायला लागलात. एक हात मडगार्डवर, कान चाकाकडे, कमरेत वाकून. गाडी वीस पावलं जाई, मालक ब्रेक दाबत, तुम्ही चाकाशी नाक नेऊन वास घेत, हात करत, "चलू द्या," आणि पुन्हा पळत. पंचावन्न वर्षांचा माणूस, रिकाम्या सीटच्या शेजारून, फाटकासमोरच्या भर बाजारातून. कांद्याच्या ढिगामागचे लोक उठून उभे राहिले. हॉटेलातून कोणीतरी ओरडलं, "मेस्त्री, गाडी पुढं गेली की ओ! गिअर टाका!" दुसरा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, बाप लय पळायलाय तुमचा. शर्यतीला का न्हाई लावत?" माझ्या वर्गातली पोरं तुमच्यामागे धावत होती. तुम्ही एकदा वर बघितलंत. मी दिसले. तुम्ही पुन्हा चाकाकडे बघितलंत. गाडी आणि तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात.

दिवेलागणीला तुम्ही चालत परत आलात. मी भाकरी आदळली. तुम्ही अर्धी खाल्लीत आणि बोललात.

"वळणापलीकडं गाडी थांबिवली त्येनं. टावेल उचलला. म्हणला, बस मेस्त्री, हितं कोण बघायलंय."

"मग?"

"मंग काय. म्हणलो, बघायलेत तितं बसवा. न्हाई तर मी आपला चालतो."

"काय म्हणाला?"

"काई न्हाई. टावेल ठिवला आन् गेला."

"मग गावातून कशाला पळालात? तिथंच म्हणायचं की हे!"

"ब्रेक नवा हाय. पयल्या दाबाला येका अंगाला वढतो. गाडी फिरली आस्ती म्हंजे? रस्त्यानं तुझी पोरं व्हती."

मला हे पटायला हवं होतं. मी म्हणाले, "पोरांची काळजी करू नका. गुलामानं ब्रेक बसवले काय आणि न बसवले काय. पुन्हा या गावात येऊ नका." तुम्ही हात धुतलेत. शेवटची एसटी धरलीत. पुन्हा कधीच आला नाहीत. सोमवारी पोरं माझ्या सायकलीशेजारून कमरेत वाकून धावली.

आणि आजही मला संताप याचाच येतो, दादा. जे तोंडावर बोलायचं होतं ते तुम्ही बोललात, पण कुठे? वळणापलीकडे. साक्षीला एक बाभूळ आणि एक टॉवेल. तुमचं पळणं पाहायला सगळा बाजार होता आणि तुमचं नाही म्हणणं ऐकायला चिटपाखरू नव्हतं. एवढं चोख काम करणाऱ्या माणसाने एवढी मोठी चूक करावी? गावाला तुमचा फक्त वाकलेला पाठकणा दिसला. त्या गावात मी आणखी सहा वर्षं काढली आणि त्यांना शेवटपर्यंत तेवढंच माहीत होतं, कारण मीही कोणाला सांगितलं नाही. माझ्याच तोंडून सांगितलं असतं तर बापाची बढाई ठरली असती. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून आता खरं लिहिते. स्टेजवर उभं राहून लोकांची सोंगं उघडी पाडायची, त्यांना हसवायचं, यावर आता माझं बरं चाललंय, गावोगाव बोलावतात. तुमचं पळणं माझ्या कार्यक्रमात आहे. कमरेत वाकून, एक हात लांब करून, स्टेजवर दोन-चार पावलं धावून दाखवते. हमखास हशा. आपल्या वस्त्यांमध्ये सांगते तेव्हा हशानंतर लोक गप्प होतात, इतर ठिकाणी होत नाहीत. गेल्या महिन्यात गंगाखेडला सभागृह भरलेलं होतं, लोक डोळे पुसत हसत होते, आणि मी पळत पळत वळणापर्यंत आले. तिथे थांबले, पाणी प्याले आणि दुसरा विषय काढला. दरवेळी तिथेच थांबते.