नंदीशची बाटली खरी होती

मी, कल्याणप्पा शिवलिंगप्पा बिराजदार, वय वर्षे ७४, राहणार कळंब, जिल्हा धाराशिव, एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो अठ्ठेचाळीस वर्षे जुना असल्याने धरू नये. सकाळपासून चहाखेरीज पोटात काही गेलेले नाही हेही नमूद करतो, कारण पुढे विषय दारूचा आहे.

१. कळंबचे राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नी चारुशीला हिला, व तिच्या पश्चात मुलगी मोनिका हिला मिळाव्यात. चारुशीलेने या घरात बाटली येऊ दिली नाही. माझ्या बाटल्या आयुष्यभर अंगणातल्या पाण्याच्या मोटारीशेजारी राहिल्या. त्याबद्दल माझी तक्रार होती, आता नाही.

२. माझी स्कूटर जावई कैवल्यराव यांना. त्यांनी एकदा माझ्यादेखत बोर्बन व्हिस्कीमध्ये कोला ओतला होता. ते मी मनातून काढून टाकले आहे, तरी त्यांना स्कूटरच द्यावी.

३. हायड्रोमीटर, थर्मामीटर, वास घेण्याचे सहा पेले आणि मोटारीच्या खोलीतल्या बाटल्या मोनिकाला. ती पुण्यात बिस्किटांच्या कंपनीत आहे आणि तिचे नाक माझ्यावर गेले आहे. माझा मद्यसेवनाचा परवाना माझ्याबरोबर संपेल, तो वारसाने मिळत नाही. तिने आधी स्वतःच्या नावाचा काढावा, मग बाटल्यांना हात लावावा. पुढे बोर्बन घ्यायची झाली तर कशी निवडायची, ते लिहून ठेवतो. फोनवर सांगायला गेलो की ती "हो बाबा" म्हणते आणि दुसरे काम करत राहते.

बोर्बन ही अमेरिकेचीच. धान्यात निम्म्याहून जास्त मका लागतो. आपण जनावरांना घालतो तोच, म्हणून ती गोडसर लागते. राय व्हिस्कीत मक्याच्या जागी राय नावाचे धान्य असते, ती मिरीसारखी जिभेला चावते. स्कॉच स्कॉटलंडची. माल्ट स्कॉच सातूची असते आणि बहुतेक वेळा जुन्या, वापरलेल्या पिंपात मुरते. काही स्कॉचना धुराचा वास येतो, सगळ्यांना नाही. बोर्बनला मात्र दर वेळी ओकच्या लाकडाचे कोरे पिंप लागते, तेही आतून जाळलेले. वरून रंग किंवा वास घालायला मनाई आहे. दुकानात गेल्यावर जड बाटली, लाकडी पेटी, घोड्याचे चित्र यांकडे बघू नये. लेबल वाचावे. 'स्ट्रेट' लिहिलेले असेल तर किमान दोन वर्षे मुरलेली आहे. 'बॉटल्ड इन बाँड' असेल तर किमान चार वर्षे, एकाच डिस्टिलरीची आणि बरोबर पन्नास टक्के मद्यार्काची. गाळली कोणी आणि नुसती भरली कोणी, हेही मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. महाग ती चांगली असे नाही. पेल्यात ओतून तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा, मग चार थेंब पाणी घालून पुन्हा घ्यावा. बर्फ नंतर.

हे सगळे मला फार उशिरा कळले. त्याचे काय झाले ते पुढच्या कलमात आहे.

४. मार्च १९९८ मध्ये मला चीफ केमिस्टची बढती मिळाली. रविवारी दुपारी कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर मी तिथल्या आचाऱ्यासकट चौदा जणांना जेवण दिले. माझा धाकटा भाऊ नंदीश तेव्हा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. त्याने माझ्यासाठी अमेरिकेतल्या बंदरावरून बोर्बनची बाटली आणली होती, स्वेटरमध्ये गुंडाळून. ती त्याने सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली.

मी तोवर बोर्बन पाहिलेली नव्हती. हैदराबादला दोनदा स्कॉच घेतली होती, त्यावरून व्हिस्कीला धुराचा वास असतो एवढे माझे ज्ञान. आमच्या डिस्टिलरीत मळीचे स्पिरिट, त्यात थोडे माल्ट, रंगाला कॅरमेल आणि वासाला इसेन्स, अशी व्हिस्की व्हायची. बेकायदा काही नव्हते, पुष्कळ ठिकाणी तशीच होते. नंदीशची बाटली उघडली आणि व्हॅनिला व करपलेल्या साखरेचा वास आला. हे दोन्ही वास माझ्या स्टोअरमधल्या डब्यांचे. मी मोठ्याने म्हणालो, "नंद्या, तुला कुणीतरी गंडवलंय. मळीच हाय ही. वरून इसेन्स मारलाय. असला माल म्या रोज टाकीनं करतो."

तो म्हणाला, "दुकानातनं घेतलीय अण्णा. लेबल तरी वाचा की."

मी वाचले नाही. सगळे हसले, मी सर्वांत जास्त. दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत आणि मग गावात नंदीशचे नाव 'इसेन्स' पडले. तो सुट्टीवर आला की स्टँडवर पोरे त्याच नावाने हाक मारायची. पुढच्या वर्षी त्याने वडिलोपार्जित जमिनीतल्या आपल्या दोन एकरांचे हक्कसोडपत्र माझ्या नावे करून दिले आणि जहाज सोडून तुळजापूरला मोटार वाइंडिंगचे दुकान टाकले. मी कागद घेतला. का देतोस, असे विचारले नाही.

२०१६ मध्ये मोनिका प्रशिक्षणासाठी अमेरिकेला गेली आणि येताना बोर्बन घेऊन आली. झाकण काढले आणि तोच वास आला. मग लेबल वाचले, पुस्तके मागवली. जाळलेल्या ओकमधून व्हॅनिलाचा वास उतरतो, लाकडातली साखर भाजून निघते. आम्ही डब्यातून ओतायचो ते तिथे लाकूड देते. नंदीशची बाटली खरी होती. नऊ वर्षे मी त्याला हे कळवले नाही. लाज वाटत होती, आजही वाटते.

५. ढोकीजवळचे ते दोन एकर माझ्या पश्चात नंदीशला परत जावेत. त्याने नाकारल्यास त्याची मुलगी जाई हिला मिळावेत. मोनिकाला हे मान्य आहे.

६. इथवर लिहून मी चारुशीलेला वाचून दाखवले. तिने चष्मा काढून ठेवला. "मेल्यावर माफी मागणार तुमी. म्हंजे भाऊजींनी उलटून बोलायचं बी न्हाय व्हय?"

म्हणून सही थांबवली आणि एसटीने तुळजापूरला गेलो. नंदीश आता सहासष्टचा आहे. दुकानात एकटाच तारा गुंडाळत होता. मी वरील कलम चार त्याला तोंडी सांगितले आणि मोनिकाच्या बाटलीत उरलेली थोडी पुढे ठेवली. त्याने झाकण काढून वास घेतला आणि झाकण परत लावले.

"वास आठवत न्हाय मला अण्णा. हसलेलं आठवतंय."

मी जमिनीचे सांगितले.

"लिहा न्हायतर नका लिहू. तवा चौदा माणसांम्होरं बोललाव, आन आता एकट्याला गाठून सांगायलाव."

मग काय करू, असे मी विचारले.

"त्यातले कोन कोन हायत अजून?"

मी मोजले. बारा गेले, दोन आहेत.

७. त्या दोघांना घेऊन मी आज पुन्हा नंदीशच्या दुकानात आलो आहे. कलम चार मी त्यांच्यासमोर आणि नंदीशसमोर मोठ्याने वाचले. शेजारचे दुकानदारही ऐकत उभे राहिले, त्यांना कोणी हटकले नाही. नंदीश लाभार्थी असल्याने साक्षीदार म्हणून त्याची सही चालत नाही. त्याने खुर्च्या मांडल्या. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र समजावे आणि मोनिकाने त्याची अंमलबजावणी करावी.

ठिकाण: नंदीशचे दुकान, तुळजापूर
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

(सही) कल्याणप्पा शिवलिंगप्पा बिराजदार

कल्याणप्पांनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली. सहीपुढे जे म्हणायचे होते ते ज्याने त्याने स्वतः लिहिले आहे.

साक्षीदार १: (सही) अमरनाथ गुरुपादप्पा स्वामी, तेव्हाचा लॅब असिस्टंट. त्या जेवणाला हजर होतो. हसलो होतो.

साक्षीदार २: (सही) कोंडीराम भगवान लोमटे, तेव्हाचा गेस्ट हाऊसचा आचारी. हजर होतो. इसेन्स हे नाव म्याच पाडलं होतं. नंदीशराव, ते आज तुमच्या दुकानात मागं घेतो.