टाकी भरत नाही

३ ऑक्टोबर, शुक्रवार

भरत नाही म्हणजे नाहीच! मोटार फिरते, पट्टा फिरतो, आवाजही नेहमीसारखाच — आणि हवेच्या दाबाचा काटा तिसाच्या आसपास येऊन बसतो. पुढं सरकायचं नाव नाही. रंग फवारायची गन हातात धरून मी उभी. फवारा कसला, थुंकल्यासारखा रंग उडाला. एक चौरंग वाया. आता घासून परत पहिल्यापासून.

परवा खंडेनवमीला तर कॉम्प्रेसरला अगदी न्हाऊमाखू घातलं होतं! फिल्टरचा स्पंज काढून धुतला, भिंतीवर वाळत टाकला, टाकी पुसली. पूजा मात्र घाईत, पारोशीच — कुंकवाचं बोट, झेंडूचा हार, उदबत्ती. अक्षता भिजवायला कुठला वेळ? तशीच उठले आणि आंघोळीला पळाले. काल दसरा, मशीन चालवायची नसते. म्हणून आज बटण दाबलं, तर हे!

सासूबाई दारातूनच, "बरं झालं. कानाला जरा इसावा."

डोकं फिरलं माझं.

४ ऑक्टोबर, शनिवार

हणमंतप्पांना फोन केला. आमच्या मुरूम गावातल्या सगळ्या मोटारी तेच दुरुस्त करतात. ते कुणाच्या तरी बोअरवर. "पट्टा ढिला आसंल बघा ताई. उद्या येतो." पट्टा मीच ताणून बसवला. काटा तिथंच.

तेवढ्यात उमरग्याहून पाशामियाँचा फोन. लाकूडकाम त्यांचं, रंग माझा. "बेटी, वसुबारसेच्या आत सगळे चौरंग लागतील. लोकं लक्ष्मीपूजनाला नवा मांडतात. उरलेले पाठवू ना?" मी म्हणाले, पाठवा. तोंडातून 'नाही' निघेचना!

५ ऑक्टोबर, रविवार

ह्यांचा पुण्याहून फोन. मशीनचं मी सांगणारच नव्हते. सासूबाईंनी सांगून टाकलं.

मग ह्यांचा तो मऊ आवाज. चिडले असते तर बरं वाटलं असतं. "शिवकन्या, आपलं ठरलंय ना? ह्या दिवाळीचा माल वेळेत गेला नाही, तर मशीन विकायची आणि तू अन् आई इकडं यायचं. दोन खोल्या बघून ठेवल्यात." ठरलंय खरं. गेल्या पाडव्याला मीच तोऱ्यात हो म्हणाले होते.

ह्यांचंही चूक नाही. एकटे राहतात, डब्याचं खातात, वाळून गेलेत. पण मी तिथं जाऊन काय करू? खिडकीतून लोकांच्या गाड्या मोजू? इथं बाजारात गेलं की 'रंगवाल्या ताई' म्हणून हाक येते. मला ही हाक सोडायची नाही. नाही म्हणजे नाही! निदान इथं तरी लिहिते.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना लावला. हवा निसटत असेल तिथं बुडबुडा येतो. आला! टाकीच्या बुडाशी, पाणी सोडायच्या तोटीपाशी. तोटी आवळली, नाचायचीच बाकी राहिले. काटा — पस्तीस. बास.

दूध आटवायचं साफ विसरले. सासूबाईंनीच आटवलं. पेला पुढं ठेवला. "त्या मशीनच्या तोंडाकडं बघून पोट भरतंय व्हय? पी." नको म्हणाले. मग प्याले.

७ ऑक्टोबर

हणमंतप्पा — उद्या.

८ ऑक्टोबर

हणमंतप्पा — उद्या!! ह्या माणसाचा उद्या कुठल्या महिन्यात येतो?

९ ऑक्टोबर, गुरुवार

भांडण झालं. सासूबाई म्हणाल्या, "ती घरघर चालू झाली की मला कुणाचंच काय ऐकू येत न्हाय. आता कसं, घर घरावानी वाटतंय." मी तडकले. म्हटलं, "तुम्हाला हेच पाहिजे होतं आत्याबाई! दोन वर्षांत कधी मशीनकडं धड बघितलंत तरी का? पुण्याची घाई तुम्हालाच झालीय."

सासूबाई शेंगा फोडत बसल्या — टरफलं आणि दाणे एकाच सुपात.

मला जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं!

फिल्टर काढून भोकावर सहज तळवा धरला. हवा आत ओढायला पाहिजे ना? ती तर माझ्याच हातावर फुंकत होती! म्हणजे आत घेतलेली हवा टाकीत न जाता आल्या वाटेनं परत. वरचं झाकण खोललं. आत पोलादाची एक पातळ पत्ती असते, हवा आत आली की दार लावल्यासारखी मिटते. ती मिटतच नव्हती. खाली काहीतरी अडकलेलं. पिनेनं उकरून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. चेपलेला, तेलात काळा पडलेला, पण एका अंगानं लाल. कुंकवाचा लाल! अक्षत. स्पंज वाळत होता तेव्हा भोक उघडंच होतं, त्यातून आत गेली.

पण मी अक्षता वाहिल्याच नव्हत्या.

तसाच हात सासूबाईंपुढं धरला. त्यांनी दाणा चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाल्या, "म्याच टाकल्या. तू न्हायाला गेलीस तवा. आवजाराची पूजा अक्षतेबिगर आस्ती का कुटं? घरात बाप्या न्हाय, म्हणलं आपुनच टाकाव्या."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? रोज तिला शिव्या बी देते अन् तिच्या पाया बी पडते, आसं सांगू?"

पाया पडून काय मागितलं, मी विचारलं. "टिकू दे म्हणलं. तुज्या हातातलं." आणि पदर तोंडाला लावून, "अन् म्याच बंद पाडली की गं!"

मला रडू आलं. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. मग दोघींनी मिळून कालच्या शेंगा निवडल्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

पत्ती पुसली, नवं पॅकिंग कापून बसवलं. पन्नास — ऐंशी — शंभर — आणि खट्! टाकी भरून मशीन आपली आपण बंद! सासूबाईंनी तिला लांबूनच हात जोडले.

संध्याकाळी हणमंतप्पा आले. चहा घेऊन गेले.

१४ ऑक्टोबर

हवेत ओल. रंग वाळता वाळेना. एक हात देऊन दुसऱ्यासाठी ताटकळायचं. आठवडा फुकट गेला, तो कुठून आणू?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

टेम्पो आला. निम्मेच चौरंग गेले. पाशामियाँ रागावले नाहीत — "बाकीचे तुळशीच्या लग्नाला घेऊ, बेटी." पण ह्यांच्याशी ठरलं होतं ते सगळ्या मालाचं. निम्मा म्हणजे हरलेच की. घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

ह्यांचा फोन, माझ्या नाही, सासूबाईंच्या फोनवर. आवाज मोठा ठेवतात, मला सगळं ऐकू आलं. "आई, ठरल्यापरमाणं झालं नाही. आता तूच तिला सांग, दिवाळी झाली की दोघी या."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग फोन तोंडाशी धरून ओरडल्या, "आं? काय म्हणतुस? मशीन चालू हाय रं बाबा, काय बी ऐकू येत न्हाय!" आणि फोन बंद केला.

मशीन बंद होती. टाकी भरलेली होती.