आधी पोरीचं विमान

तांडा, दिग्रसजवळ
होळीच्या आधीचा शनिवार

थोरली बहीण हंसाबाई हिच्या पायावर धाकट्या बाबूसिंगचं डोकं. राम राम.

बाई, तब्येत कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना होत आला, डॉक्टरनं चुलीपुढं बसू नको म्हणलं, म्हणजे तू नक्की चुलीपुढंच बसत असशीन. गुडघ्याले मोहाचं तेल लावून राह्यली का नाही? आमच्याकडं सारे खुशाल. तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. जमनीचं बीपी गोळीनं ताब्यात राह्यते अन् मी जमनीनं. हे पत्र तुझी सून दिपाली तुले वाचून दाखवन, म्हणून अक्षर मोठं काढलं. (दिपाली, कंसातलं जे असन ते मनातल्या मनात वाचायचं, बाईले ऐकवायचं नाही.) फोन काहून नाही केला म्हणशीन, तं आपल्या घरचा फोन म्हणजे ग्रामसभा. मी हॅलो म्हणलं की जमनी स्पीकर लावते, तिकडून तू आर्णीच्या बाजारात उभी असल्यासारखी ओरडतेस, अन् दोन तांडे कामधंदा सोडून ऐकत बसतात. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

तं खबर अशी, की होळी झाली की आम्ही दोघं विमानानं बालीले चाललो. बाली हे बेट आहे. समुद्राच्या पार, नारळाची झाडं, भाताची खाचरं अन् बाराही महिने उकाडा. उकाडाच पाह्यजे होता तं एवढ्या लांब कायले जाता, दिग्रसचा एप्रिल काय वाईट आहे, असं अर्ध्या तांड्यानं विचारलं. त्याईले मी एकच सांगतो, की आपल्या पोरीनं, वर्षानं बोलावलं. तुझी भाची न्यूझीलंडात म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नर्स, जावई इंद्रजीत तिकडच्या पुलांच्या कामावर. दोघाईले मिळून सुटी भेटते आठवड्याची. मागच्या दिवाळीले ते घरी आलते, तवा काय झालं ते तूच पाह्यलं. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी टॉवेल-टोपी, नाही गेलं तं रुसवा. जावयाचं पोट बिघडलं, त्याच्यातही लोकं त्याले पाहायले येत होते अन् येताना पेढे आणत होते. पोरगी माझ्या घरी दोन रात्री झोपली, बाकी सारा पाहुणचार. निघाली तेही सासरहून, पहाटेच, परस्पर नागपूरले. तवाच ती म्हणे, बा, पुढच्या वेळी अशा जागी भेटू जिथं आपल्याले कुत्रंही ओळखत नाही. जागा निघाली बाली. तिले तिकडून एकच विमान, अन् आपल्याले इकडून तीन.

आता तुले माहीत आहे, मी एस्टीत कंडक्टर म्हणून केस पांढरे केले. रूट लावणं माझ्या हाडात आहे. म्हणलं, याच्यात काय मोठं! कागद घेतला अन् आपल्या पूर्वजाईनं लदेणीच्या काळात बैलाईवर माल लादून जसा प्रवास केला असन तसा आखला. तांड्याचा नायक धरमसिंग शेजारी बसला होता. तो म्हणे, पहिला मुक्काम नेहमी जवळ करावा, म्हणजे विसरलेली वस्तू परत जाऊन आणता येते. मले पटलं. मग पहिला मुक्काम यवतमाळ, दुसरा नागपूरले साळ्याकडं, तिसरा मुंबईत, चौथा सिंगापूरले. दर मुक्कामी आंघोळ, भाकर अन् पाठ टेकणं. हा कागद मी यवतमाळले राजकुमारच्या दुकानात नेला. (हा तिकिटं काढून देणारा पोरगा. चांगला आहे, पण कानात सदा वायर.) त्यानं तो पूर्ण वाचला, वायर काढली अन् म्हणे, काका, तुम्ही बालीत पोचान तवा पोरगी घरी जाऊन ड्युटीवर लागली असन. मग मी विचारलं, की मुंबईचं विमान लेट झालं तं सिंगापूरवालं आपली वाट पाहीन की नाही. तो नाही म्हणे. अरे, पण त्यात आपले पॅसिंजर आहेत हे त्याले कळवलं तं? तरी नाही. बाई, पुसदच्या रस्त्यावर एका बाळंतिणीसाठी मी गाडी उभी करून ठेवलेली आहे अन् एकाही पॅसिंजरनं हूं का चूं केलं नाही. एवढं मोठं यंत्र बनवलं अन् माणसासाठी पाच मिनिटं थांबायची सोय ठेवली नाही, याले काय म्हणावं! मले त्या दिवशी जेवणच गेलं नाही.

जाण्याचं तरी कसं बी जमलं. नागपूर, मुंबई, सिंगापूर, बाली, अन् मधात आंघोळ नाही. खरा घोळ आहे तो येण्याचा, अन् त्याच्यापायी मी चार येळा यवतमाळ केलं. राजकुमारनं काढलेल्या रूटात आमचं विमान दुपारचं होतं अन् पोरीचं रात्रीचं. म्हणजे ती दोघं आम्हाले सोडायले येतीन, टाटा करतीन, अन् आम्ही जाऊ. मी म्हणलं, हे चालणार नाही. आधी पोरीचं विमान, मग आमचं. तो म्हणे, काका, मोठ्या माणसाले आधी बसवून देतात, त्यात पोराईले समाधान राह्यते. म्हणलं, बाप्पा, समाधानाचा प्रश्नच नाही, प्रश्न रीतीचा आहे.

रीत तुले काय सांगावी, तूच तं साऱ्या तांड्याच्या पोरीईले शिकवली. पोरगी सासरी निघते तवा एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, रडत रडत, चालीवर. जन्म देणाऱ्या याडीच्या गळ्यात, मामीच्या, आत्याच्या, भावाच्या, बापाच्या. ज्याच्या गळ्यात पडली त्याच्या नावानं शब्द निघतात. अन् घरचे जागचे हलत नाहीत. ती दिसेनाशी होतपर्यंत उभे राह्यतात. पोरगी जाते, घर राह्यते. आता घरच आधी विमानात बसून निघून गेलं अन् पोरगी मागं हात हलवत राह्यली, तं ते काय झालं? (दिपाली, तुमच्या लग्नात तू किती रडलती ते मले आठवते. तुझ्या बापाचा सदरा पिळावा लागला होता.)

अन् वर्षाचं तं हे सारं राह्यलंच. कोरोनाचं साल. मोजकी माणसं, तोंडाले फडकं, मांडवात पाटलाच्या बैलासारखा पोलीस उभा. कोणी कोणाच्या जवळ जायचं नाही. तू आर्णीत अडकलेली, तुले परवानगीच भेटली नाही. अंधार पडायच्या आत जिल्ह्याची हद्द पार करायची होती, म्हणून अक्षता पडल्या अन् पोरगी गाडीत. गळ्यात पडणं नाही, ढावलो नाही. तवापासून जमनी म्हणते, की पोरीले अजून धाडलीच नाही, नुसती गेली. रात्री कूस बदलते अन् म्हणते. पाच वर्षं झाली, पोरगी सुखात आहे, फोन रोज आहे, पण जमनीच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं. मी समजावून थकलो. बायकांच्या मनाचं असंच असते. (दिपाली, हे वाक्य मोठ्यानं वाचलं तरी चालन.)

म्हणून विमानतळावर रडायची सोय पाहणं आलं. मुद्दाम नागपूरले गेलतो आम्ही, एक दिवस वावरातलं काम टाकून. मी म्हणलं, सारे विमानतळ सारखेच, जागा पाहून घेऊ, किती आत सोडतात, कुठं उभं राहता येते. दारातच बंदूकवाला. तिकीट दाखवा म्हणे. म्हणलं, जायचं नाही, पोरीले धाडायची कशी ते पाहून राह्यलो. तो म्हणे, पोरगी कुठं आहे? म्हणलं, न्यूझीलंडात. त्यानं मले वरून खाली पाह्यलं अन् बाजूले बसवलं. तिथं बसल्या बसल्या एक पोरगी पाह्यली, जर्मनीले चालली होती शिकायले. आई, बाप, काका, सारे होते. दहा जणांनी फोटो काढले. मग ती बॅग ढकलत आत गेली, अन् हे लोकं लगेच मोबाईलमध्ये फोटो कसा आला ते पाहायले लागले. ती काचेच्या आतून वळून पाहून राह्यली होती, अन् इकडं एकाचीही मान वर नाही. बाई, जमनीले ते पाहवलं नाही. तिथंच तिच्या डोळ्याले धार लागली. बंदूकवाला चांगला माणूस निघाला, त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

त्या दिवशी परत येताना मी गाडीत ठरवलं, की बाकी काही होवो न होवो, पोरगी आधी जाईन. राजकुमारले तसंच सांगितलं. त्यानं वायर काढून ठेवली, खुर्ची ओढली अन् म्हणे, काका, माझ्याकडं लोकं लवकरचं मागतात, खिडकीचं मागतात, पण मागं राहायचं तिकीट मागणारे तुम्हीच पहिले. मग त्यानं कामधंदा सोडून शोधलं. शेवटी असं जमलं, की पोरीचं विमान दुपारी, अन् आमचं दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणजे आख्खी संध्याकाळ अन् रात्र आम्ही दोघं तिथंच बाकावर. तो म्हणे, एवढा वेळ काय करान? म्हणलं, बसू. बस स्टँडवर बसून माझी हयात गेली, हे तं वाऱ्याचं स्टँड. इंद्रजीतले कळलं तवा त्यानं फोन केला, की मामा, लॉजमध्ये एक रात्र वाढवून देतो, तिथं आरामात थांबा. भला पोरगा आहे. पण लॉजमधून विमान उडताना दिसत नाही.

रडल्यावर तिथले पोलीस काही म्हणतीन का, ही एक शंका होती. ढावलो काही हळू आवाजात होत नाही, तुझा तं पार खालच्या तांड्यापर्यंत जातो. राजकुमार म्हणे, गेटच्या बाहेर कोणी अडवत नाही, फक्त फार वेळ लावू नका. नायक धरमसिंगचं म्हणणं, की परक्या मुलखात आपली रीत दबून करू नये, उलट चार लोकं पाहतीन तं आपलंच नाव होईन. त्याले सोबत यायचं आहे असा मले संशय आहे. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाकी ठीक. तुझ्या नातवाईले माझा आशीर्वाद. डोळ्यात थेंब टाकत जा अन् उन्हात निघू नको. होळीले तुझ्याविना लेंगी म्हणणाऱ्या बायका सुरात लागत नाहीत, हे तुले दरवर्षी सांगतो, तरी तू येत नाहीस.

तुझा धाकटा,
बाबूसिंग

ता. क. : तिकडून तुले काय आणू? नारळ आणू नको म्हणशीन, ते मले माहीत आहे.

ता. क. दुसरा : एक काम आहे. वर्षाले ढावलो येत नाही. ती आधी होस्टेलात, मग नोकरीत, अन् लग्नाच्या वर्षी शिकवायले तूच जवळ नव्हती. तिले शब्दही माहीत नाहीत अन् चालही. तं तू चार कडवी दिपालीच्या फोनात भरून तिले पाठव. याडीचं कडवं ठेव, पण बापाचंही ठेव. नुसतं याडीवर थांबू नको. मी सांगितलं असं तिले म्हणू नको, तुले स्वतःलेच सुचलं असं म्हण.

ता. क. तिसरा : (दिपाली, हेही कंसात आहे, पण हे बाईले वाचून दाखव. दार लावून.) जमनीचं काही नाही, बाई. ती लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घागर भरायले गेली तवा विहिरीवर रडून मोकळी झाली. कालच म्हणे, पोरगी सुखात आहे, आता कायले तिले रडवता, चौघं संगच निघू, म्हातारपणी बाकावर रात्र कायले काढायची. कूस बदलतो तो मी. नागपूरले पाणी दिलं तेही मले, जमनी तं बंदूकवाल्याले त्याच्या पोराबाळांचं विचारत होती. लग्नाच्या दिवशी पोरगी गाडीपाशी आली अन् तिनं लांबूनच हात जोडले. मी तिच्याकडं पाहूच शकलो नाही. बॅगा लावून राह्यलो होतो, दुसरं काही सुचतच नव्हतं. डिक्की बंद केली अन् हाताले सवय, दोनदा थाप मारली, डबल बेल. डायव्हरनं गाडी काढली. ती मागच्या काचेतून पाहून राह्यली होती. तं बापाचं कडवं शिकव. शब्द चुकले, चाल चुकली, तरी चालते. नाहीच आलं तिले, तं एवढंच सांग, की काही म्हणायचं नाही, नुसतं गळ्यात पडायचं.