टीनाच्या पाठीमागची शिडी

साकोली

चि. वीरेंद्र यास कामिनीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा ताप उतरला असून तू काढा नियमाने घेत आहेस, असे गृहीत धरते. मी कुशल आहे. दिघोरीविषयी तसे म्हणता येत नाही.

काल तिथल्या मंडईच्या जत्रेत रात्रीच्या नाटकाआधी तुझा कार्टूनपट दाखवण्यात आला. तो पसंत पडल्यास पुढील वर्षीच्या कार्टूनपटाचे काम तुला, असा मंडई समितीचा शब्द होता आणि त्या शब्दावर तू नागपूरची नोकरी सोडलीस, हे मी विसरलेले नाही. परंतु रानडुक्कर मागे लागताच त्यातली तुझी टीना रिकाम्या पाठीमागे हात घालून शिडी काढते, मग मुसळ, मग आख्खी बाज, हे मला प्रथमपासूनच सदोष वाटत होते. (आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या बहिणीकडे पटकथा तपासायला दिली की एवढे सोसावेच लागते.) म्हणूनच प्रत्येक वस्तू कोणाच्या घरून आणली, हे माझ्या आवाजात सांगण्याची सुधारणा मी तुझ्याकडून करवून घेतली, आणि विश्वसनीयतेसाठी नावे दिघोरीतलीच घातली.

‘ही शिडी बाबुलाल यांच्या घरची’ हे वाक्य ऐकू येताच अश्विन उभा राहिला. छपरावरचे कवेलू फेरायला तो मागच्याच आठवड्यात ती शिडी मागून रिकाम्या हाताने परतला होता.

“काहो बाबुलालभाऊ, मले तं मोडली म्हनलं होतं! मंग या पोरीले कायले देल्ली?”

“अरे, मी नाही देल्ली बा! ते सिनेमातली आहे.”

“सिनेमातली म्हंजे का आभाळातून पडली?” रत्नाबाईंनी विचारले. (हाच माझा मूळ आक्षेप होता, याची नोंद घ्यावी.)

मंगलाबाई आपले मुसळ जागेवर आहे का हे पाहायला घरी गेल्या, आणि ते जागेवरच सापडल्यामुळे अधिक संतापून परतल्या. बाजेच्या मालकाला आपली बाज नेमकी कोणकोणाला नाकारली होती, हे आठवेना. लोकांनी आठवण करून दिली. चित्रपट थांबवावा लागला. रानडुक्कर उडीच्या मध्यावर पडद्यावर स्थिर राहिले. मंडपात शिस्त पाळणारे तेवढेच एक.

माझी सुधारणा निर्दोष होती. प्रेक्षकांची पूर्वतयारी कमी पडली, इतकेच.

तुझी ताई,
कामिनी

ता. क. मंडई समितीचे अध्यक्ष मधुकरराव आज सकाळी येऊन गेले. चित्रपट उद्या पुन्हा दाखवतील आणि कामाचा निर्णयही त्यानंतरच करतील. अट एकच: “वस्तू कोठूनबी येऊ द्या म्याडम, आमच्या गावातून नको.” तरी माझ्या आवाजाआधीची मूळ प्रत या ई-मेलच्या उलट उत्तरी आजच पाठव. ‘तर्क-सल्लागार’ म्हणून माझे नाव राहू दे. अक्षरे किंचित लहान चालतील.

आणखी एक. शेवटी टीना पाठीमागून पिवळी मोटारसायकल काढते, तिचा रंग तेवढा पाठवण्यापूर्वी बदल. दिघोरीत पिवळी मोटारसायकल एकच आहे, ती मधुकररावांची. आणि ती बिघडल्याचे त्यांनी परवाच ती मागायला आलेल्या आपल्या व्याह्यांना सांगितले आहे.